कमरेवरचा लाल ठिपका

मेहुण्याबद्दलचं मिस्त्रीचं मत लग्नाच्या मांडवातच पक्कं झालं होतं, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ते बदलावं असं त्या माणसाने काहीच केलं नाही. आधी त्याने पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, मग लोहचुंबकाच्या गाद्या, मग वजन उतरवायची पावडर. आता चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याने कंबरदुखीसाठी लेझरचं केंद्र काढलं होतं. चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि अंगात पांढरा कोट चढवला. कोणी डॉक्टर म्हणालं तर त्याला दुरुस्त करायच्या भानगडीत तो पडायचा नाही.

मिस्त्रीचा धंदा पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून द्यायचा. दिवसभर वाकून तांब्याची तार भरायची, पंप उचलून टेबलावर घ्यायचे. अकरा वर्षं त्याची कंबर दुखत होती. पट्टा झाला, शेक झाला, गोळ्यांनी पोटाची वाट लावली. सकाळी त्याच्या पायात मोजे बायको चढवायची आणि तो छताकडे बघत बसायचा. भावाकडे एकदा जाऊन तरी या, अशी भुणभुण तिने महिनाभर लावली. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून तो गेला.

खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा, भिंतीवर मणक्यांचं चित्र. मेहुण्याने त्याला पालथं झोपवलं, डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवला आणि पेनासारखं काहीतरी कमरेवरून फिरवायला लागला. खरा किरण डोळ्यांना दिसत नाही, लाल ठिपका नुसता जागा दाखवायला असतो, आत पेशी जाग्या होताहेत, असं बरंच काही तो बोलत होता. वीस मिनिटं खाटेशेजारचा यंत्राचा डबा पीं पीं करत राहिला. मिस्त्री मनात म्हणाला, गाद्या विकतानाही हा असाच बोलायचा.

पण चौथ्या सिटिंगनंतर एका सकाळी त्याने स्वतःचे मोजे स्वतः घातले. दुसरा घालून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. दुकानात पंपही एकट्याने उचलला. बायकोला नाइलाजाने सांगावं लागलं की जरा बरं वाटतंय. तिने ते भावाला सांगितलं आणि दोन दिवसांत मिस्त्रीचा फोटो केंद्राबाहेरच्या बाकाजवळ लागला. खाली लिहिलं होतं, 'अकरा वर्षांचं दुखणं, चार सिटिंग.' मिस्त्री चिडला खरा, पण फोटो काढून टाक असं काही म्हणाला नाही.

सातव्या सिटिंगला मेहुण्याचा फोन वाजला. पेन स्टँडला अडकवून तो बाहेर गेला. यंत्र चालूच होतं. बिघडलेला रिमोट तपासताना मिस्त्री तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबायचा. न दिसणारा किरण कॅमेऱ्यात जांभळा लुकलुकतो. त्याने मोबाइल काढून हात मागे नेला आणि कमरेचं चित्रण घेतलं. लाल ठिपका, बाकी काही नाही. उशाजवळच्या एसीच्या रिमोटवर करून पाहिलं, तर जांभळं लख्ख दिसलं. मग चष्मा काढून तो उठून बसला.

मेहुणा आत आला तेव्हा मिस्त्रीने मोबाइल त्याच्यापुढे धरला. मेहुण्याने बघितलं आणि पडदा नीट ओढून घेतला. आतला भाग महिन्यापूर्वीच गेलाय, नवीन बाहेरून यायचाय, केंद्र बंद ठेवलं तर माणसं तुटतील, असं तो हळू आवाजात सांगत राहिला. घरातलं घरात ठेवा, म्हणाला.

"म्हणजे माझ्या सातही सिटिंगना हे बंदच होतं?" मिस्त्रीने विचारलं.

"हो. पण गुण आला ना, दाजी? मोजे घातलेत तुम्ही."

एवढं लागेल असं कोणी त्याला पंचवीस वर्षांत बोललं नव्हतं. शर्टाची बटणं न लावताच तो बाहेर गेला, भिंतीवरचा फोटो ओढून काढला आणि बाकावरच्या चौघांना यंत्र बंद आहे म्हणून सांगितलं. तिघं उठली. एक निवृत्त मास्तरीण तेवढी बसून राहिली. मिस्त्रीने तिच्यासमोर मोबाइल धरला. तिने तो हाताने बाजूला केला.

"घरी दोन आजारी माणसं आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "इथे वीस मिनिटं मला कोणी हाक मारत नाही. तुमचा नंबर झाला असेल तर दारातून सरका."

पुढचे तीन दिवस मिस्त्रीने कमरेवर पाळत ठेवली. वाकायचा, थांबायचा, कानोसा घेतल्यासारखा. पंप उचलले. काही होईना. नसलेल्या किरणाने बरी झालेली कंबर त्याला स्वतःची वाटेना. इतका भोळा आपण कधी झालो, हेच त्याला गिळवेना. चौथ्या दिवशी दुपारी कळ आली, नेहमीच्याच जागी, डाव्या बाजूला. तो घरी आला आणि दारातूनच बायकोला म्हणाला, "दुखतंय. मी म्हटलं नव्हतं?"

त्याचा चेहरा फुलला होता. बायको भाजी चिरत होती. तिने विळी आडवी ठेवली आणि त्याला नीट न्याहाळलं.

"माझा भाऊ लबाड आहे, ते मला लहानपणापासून माहीत आहे," ती म्हणाली. "पण दुखतंय म्हणून खूश होणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय."

शेकाची पिशवी तिने भरून दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायात मोजेही चढवले नाहीत. महिनाभराने मिस्त्री सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याला जमिनीवर झोपवून पाच व्यायाम दाखवले आणि रोज करायला सांगितले. तो रोज करतो, दुकानाचं शटर अर्धं ओढून, कोणी बघू नये म्हणून. कंबर थोडी बरी आहे. किती बरी, हे तो कोणाला सांगत नाही.