रिकामं स्टूल आणि उभ्या दोघी

मी घडीचं स्टूल बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय म्हणा. भार सोसणाऱ्यानं तोंड मिटून राहावं अशी माणसांची अपेक्षा असते. मीही तसाच होतो, पण म्हैसूरच्या त्या चार दिवसांनी माझा संयम पार संपवला.

माझा जन्म वालीवच्या एका गाळ्यात झाला. लोखंडी नळ्यांचे चार पाय आणि वर जाड निळं कापड, एवढाच माझा संसार. तिथून मी माणिकपूरच्या एका दुकानात आलो. एके दुपारी जवळच्या गास गावातल्या रखमाबाई मुलाला, अनुजला घेऊन तिथं आल्या. त्यांनी मला उघडलं, बसून पाहिलं, उठून पाहिलं, परत बसल्या.

"गुडघा बोलला नाय," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "अशी दोन दे."

"दोन कशाला?" अनुज म्हणाला. "एकच बास, आई. दुसरं कोण वागवणार?"

सगळं बिघडलं ते तिथंच. दुसरं स्टूल होतं इझाबेलसाठी. इझाबेल म्हणजे रखमाबाईंची गासातली शेजारीण. चाळीस वर्षं दोघी संध्याकाळी बावखलाच्या काठावर बसायच्या. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, त्याच्यावरच केळीच्या बागा भिजायच्या. पाच वर्षांपूर्वी इझाबेल मुलाकडे, मेलरॉयकडे म्हैसूरला राहायला गेली. आणि गेल्या उन्हाळ्यात त्या बावखलात भराव टाकून ते बुजवून टाकलं. फोनवर हे सांगायला रखमाबाईंची जीभ रेटत नव्हती. समोर बसून, हात हातात घेऊन सांगायचं, एवढ्यासाठी त्या निघाल्या होत्या. माझी घडी घालतानासुद्धा त्या पुटपुटत होत्या, "कसं सांगू तिला?"

अनुजनं मात्र सतरा ठिकाणांची यादी केली होती.

म्हैसूरला दारातच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. "रखमा, किती वाळलीस गो!" म्हणत इझाबेल हसत होती आणि डोळेही पुसत होती. मला वाटलं, आता मला उघडतील. कसचं काय! अनुज आणि मेलरॉयनं फोनमध्ये डोकी घातली आणि दुसऱ्या दिवशीचा बेत मोठमोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मेलरॉयनं पाहुण्यांसाठी मुद्दाम रजा काढलेली, त्याला नाही कोण म्हणणार? मी चपलांच्या शेजारी पडून राहिलो.

पहिल्या दिवशी राजवाडा. गाडीत एका खिडकीशी रखमाबाई, दुसऱ्या खिडकीशी इझाबेल आणि मधे अनुजची बायको नेत्रा, कारण तिला खिडकीतलं वारं सोसत नाही. वर अनुजची गाणी. एका गाडीत बसून दोघींना एक वाक्य धड बोलता येईना. राजवाड्याशी पोहोचल्यावर हुकूम झाला, "तुम्ही दोघी इथंच बसा, पिशव्या सांभाळा." दोन बायका, पाच पिशव्या आणि मी एकटा.

दुसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय. तिथं तर हद्द झाली.

"तू बस," रखमाबाई म्हणाल्या.

"तू पाहुनी. तू बस."

"तुझा गुडघा जास्त दुखतो."

"आनि तुझा काय नवा बसवलाय?"

पाऊण तास हे चाललं. मी मधोमध उघडा, रिकामा, आणि माझ्या दोन्ही बाजूंना दोघी उभ्या! ज्याच्यावर कुणी बसत नाही त्या स्टुलाला काय वाटतं, हे माणसांना कळायचं नाही. शेवटी रखमाबाईंनी घसा खाकरला. "इझाबेल, एक सांगायचंय तुला..."

"आई, चल चल!" अनुज धावत आला. "जिराफ झाला. पुढचा पॉइंट साडेचारला बंद होतो."

माझे पाय लोखंडाचे आहेत म्हणून. नाहीतर त्या क्षणी मीच त्याला लाथ मारली असती.

तिसरा दिवस टेकडीवर आणि देवळांत गेला. चौथ्या दिवशी दुपारी बागेतलं कारंजं बघायला निघायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची गाडी. रखमाबाई उठल्या, मला उचललं आणि गाडीकडे जायच्या ऐवजी सरळ मागच्या दारी जाऊन मला उघडून बसल्या.

"तुम्ही जावा. मी येत नाय."

"अगं आई, इथपर्यंत येऊन कारंजं नाही बघितलं तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, आईनं इझाबेल बघितली."

अनुज दोनदा घड्याळ बघून निघून गेला. मग इझाबेलनं न्हाणीघरातली बादली आणली, माझ्यासमोर उलटी केली आणि तिच्यावर बसली. चार दिवस मला जे सुचवता आलं नाही, ते एका बादलीनं केलं! पिशवीच्या तळाशी राहिलेली आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, निघाली. दोघींनी एकेक खाल्लं. रखमाबाईंनी तिचा हात धरला.

"इझाबेल, आपलं बावखल..."

"बुजवलं. ठावं हाय मना. भाच्यानं फोटो धाडलावता."

"मग बोलली का नायस?"

"तू रोज समोर बघतेस. तुला फोनवर आनि कशाला रडवू?"

मग मात्र दोघीही रडल्या, अगदी पोटभर. मधेच रखमाबाईंच्या फोनमध्ये अनुजचा चेहरा उगवला, "आई, बघ, कारंजं! रंग बदलतंय!" रखमाबाईंनी फोन पालथा घातला.

आता मी गासात दाराच्या मागं असतो. माझ्या सांध्याला गंज चढलाय आणि अनुज राजस्थानची यादी करतोय. वाचकहो, तुम्हीही कधी ना कधी कुणाकडे जाल. राजवाडे शेकडो वर्षं उभे आहेत, अजून थोडे थांबतील. माणसाचे गुडघे थांबत नाहीत. एवढं ऐका माझं, आणि जाताना दोन स्टुलं न्या.

रविवारी, इझाबेलची चर्चमधली मिसा आटोपली की रखमाबाई मला भरावाच्या कडेला नेतात. समोर पाणी नाही, नुसती लाल माती. त्या उभ्या उभ्याच फोन लावतात आणि सगळ्यात आधी विचारतात, "बादली घेतलीस का?"

"घेतली गो. बसले पन. तू बस आता."

मग रखमाबाई माझ्यावर टेकतात, आणि तेवढा वेळ मी कुरकुरत नाही.