अंगठाभर बर्फ

काकांचा अंगठा बाळाच्या मुठीत मावत नव्हता, तरी ती तो सोडायला तयार नव्हती.

"हिला आत्तापासूनच शिकवून ठेवतो," काका म्हणाले. "हे बघ ठमाबाई, पंखावर बर्फ एवढा जाड झाला की मग बटण दाबायचं. त्याच्या आधी हात लावायचा नाही. आणि आईला सांगू नकोस, ती लगेच पुस्तक काढेल."

मी हसले. खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेली दुपटी उलटी केली. धावपट्टीच्या टोकाला आमचं क्वार्टर होतं. त्याच्या भिंती थंडीत ओल्या व्हायच्या, म्हणून नवरा उड्डाणावर असला की मी बाळाला घेऊन वायरलेसच्या खोलीत हीटरपाशी येऊन बसायची. निदान सगळ्यांना तरी मी तेच सांगितलं होतं. काकांनी कधी जास्त विचारलं नाही. दुसरी खुर्ची मात्र ते आधीच हीटरजवळ ओढून ठेवत.

नवरा डोंगरापलीकडच्या गावांना औषधं आणि टपाल पोचवायचा. विमान लहान, दोन इंजिनांचं आणि नवऱ्यापेक्षा वयाने मोठं. काकांनी ते अर्धं आयुष्य चालवलं होतं. डोळे अधू झाल्यावर ते वायरलेसवर बसले आणि आपली जागा त्यांनी नवऱ्याला दिली. त्याला घडवलं त्यांनीच. वाऱ्याचा अंदाज, ढगाचा रंग, इंजिनाचा आवाज, सगळं. आणि हा अंगठाही.

विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला काळी रबरी पट्टी असते. ढगात तिच्यावर बर्फ धरला की पायलट बटण दाबतो, पट्टीत हवा भरते, ती फुगते आणि वरचा बर्फ तडकून उडून जातो. काकांचं म्हणणं असं, की बर्फ पातळ असताना घाई केली तर तो तडकत नाही, नुसता ताणला जातो. त्याचं कवच तयार होतं आणि मग आत पट्टी कितीही फुगो, उपयोग शून्य. म्हणून अंगठाभर जाड होईपर्यंत थांबायचं. ते थांबले होते आणि जिवंत होते. यापुढे कोण काय बोलणार?

गेल्या वर्षी नवरा शहरात उजळणीच्या प्रशिक्षणाला गेला. तिथे त्याला सांगितलं, की ही समजूत जुन्या, सावकाश फुगणाऱ्या पट्ट्यांच्या काळातली आहे. आता बर्फ दिसला की लगेच फुगवायचं आणि फुगवत राहायचं. परत आल्यावर त्याने ते काकांच्या कानावर घातलं. काका म्हणाले, त्या मास्तरांनी बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितलाय. नवराही हसला. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

तिथून आणलेले कागद मी बाळाला पाजता पाजता वाचून काढले होते. घरी त्याला विचारलं, तू नेमकं काय करणार? तो म्हणाला, "बघू." मी म्हटलं, बघू म्हणजे काय? "अगं, काकांचा शब्द असा तोंडावर मोडता येतो का?" एवढंच बोलून तो बाळाचा लंगोट बदलायला लागला. वर गेल्यावर तो कोणाचं ऐकतो, हे मला कळत नव्हतं.

त्या दिवशी पलीकडच्या दवाखान्याची औषधं होती. हवामानाचा अंदाज पातळ ढगांचा. दुपारी वायरलेस खरखरला आणि नवरा म्हणाला, की डोंगरावर ढग अंदाजापेक्षा खाली उतरलेत, आपण आत शिरलोय. आवाज नेहमीचा, जरासा कंटाळलेला.

"बर्फ?" काकांनी विचारलं.

"धरायला लागलाय. नखाएवढा."

"मग थांब."

"थांबतो, काका."

मी बाळाला खांद्यावर घेतलं. शक्य तितक्या शांत आवाजात म्हटलं, "काका, त्याला आत्ताच फुगवायला सांगा ना."

काकांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला. "सूनबाई, तुम्ही शिकलेली माणसं काळजीसुद्धा पुस्तकात बघून करता." बोलणं चेष्टेचंच होतं, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "अर्धा अंगठा." मग म्हणाला, वेग कमी होतोय, इंजिनं पूर्ण जोरात आहेत तरी विमान उंची सोडतंय. आता आवाजात कंटाळा नव्हता. काका उभे राहिले. मी त्यांना वायरलेसशी उभं राहून बोलताना कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी माईकचं बटण दाबलं. मग म्हणाले, "फुगव. अंगठ्याची वाट बघू नकोस. मी सांगतोय, फुगव आत्ता."

पलीकडून नुसती इंजिनांची घरघर ऐकू आली. मग तो हळूच म्हणाला, "काका, मी पहिल्यापासून फुगवतोय. नेहमीच. पट्टी साफ आहे. बर्फ पट्टीच्या मागे धरतोय."

ढगातले थेंब मोठे होते. पट्टीवर पडून तिथेच गोठण्याऐवजी ते मागे ओघळत होते आणि जिथे रबर नाही तिथे गोठत होते. त्या कागदांमध्ये याबद्दलही होतं. त्यात लिहिलं होतं, अशा ढगातून ताबडतोब बाहेर पडावं.

मी काकांकडे बघितलं. शिष्याने आपलं ऐकलं नाही, वर इतके दिवस आपल्या समाधानासाठी नख, अर्धा अंगठा असं खोटं माप सांगत राहिला, हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग उमटला नाही. "शाबास," ते म्हणाले. "बरोबर केलंस. आता खाली ये."

"खाली डोंगर आहे."

"मागे वळ."

"वळवलं तर पडेल, काका. आत्ताच थरथरतंय."

"बरं. मग सरळ ठेव. नाक उचलू नकोस."

"नाही उचलत." मग त्याने विचारलं, "ती तिथेच आहे का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "आहे."

"तिला घरी पाठवा."

मी उठले नाही. काकांनीही मला उठ म्हटलं नाही. बाळ खांद्यावर झोपलं होतं आणि तिच्या लाळेने माझा स्वेटर ओला झाला होता. त्यानंतर वायरलेसवर खरखर तेवढी उरली. काका त्याला हाक मारत राहिले, आधी विमानाच्या नंबराने, मग नुसतं "पोरा" म्हणून.

ढग हटल्यावर विमान सापडलं. शोधायला गेलेल्यांबरोबर आमचा मिस्त्री होता. परत येऊन त्याने मला दारातच सांगितलं, की पट्टीचं बटण चालूच होतं, रबर कुठे फाटलेलं नव्हतं, सगळं जागच्या जागी होतं. त्याला वाटलं, मला तेवढंच बरं वाटेल. चूक कोणाची हे मला हवं होतं. काकांची निघाली असती तर मी त्यांच्यावर जन्मभर चिडून तरी राहिले असते. तेही हाताला लागलं नाही.

क्वार्टर सोडायच्या दिवशी मी बाळाला घेऊन वायरलेसच्या खोलीत गेले. नवा पायलट आला होता, कोवळा, नम्र. तो काकांना विचारत होता, "काका, इथल्या ढगात बर्फ किती धरला की फुगवायचं?" काकांचं कोणी ऐको न ऐको, या प्रश्नाला त्यांच्याकडे कायम उत्तर तयार असायचं.

"मला माहीत नाही," काका म्हणाले.

तो अवघडून उभा राहिला, मग विमानाकडे गेला. काकांनी दुसरी खुर्ची हीटरजवळ ओढली. मी बसले. बाळ माझ्या मांडीवरून त्यांच्याकडे झेपावलं. त्यांनी तिला घेतलं आणि तिने सवयीने त्यांचा उजवा हात ओढला.

काकांनी अंगठा मुठीत मिटून घेतला होता. ती त्यांचं एकेक बोट उचलून बघत होती. काका खिडकीबाहेर बघत होते आणि मूठ सोडत नव्हते.