आठवं कलम

अमांडुसने तिसऱ्यांदा नाक आक्रसलं आणि निर्धास्तपणे कॉफीचा घोट घेतला. समोर कोपनहेगनहून आलेले बैठकीचे अध्यक्ष ब्रास्क कागदात डोकं खुपसून बसले होते. कुणाचीच हरकत नाही असं धरून त्यांनी पान उलटलं.

ग्रीनलँडला स्वतःचा कारभार किती मिळायचा, हे राजधानी नूकच्या त्या सभागृहात ठरत होतं. शाळा मिळाल्या, मासेमारी मिळाली. आठवं कलम जमिनीखालच्या खनिजांचं होतं आणि त्यात शेवटचा शब्द डेन्मार्कचा होता. अमांडुस चाळीस वर्षं ज्या खाडीत सीलची शिकार करत आला, तिच्या काठावर शिशाची खाण आखलेली होती. गावाने त्याला धाडलं होतं ते नकार पोचवायला, आणि त्याच्या मते तो पोचवून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतिवृत्त वाचलं गेलं. आठवं कलम एकमताने मंजूर. सहीसाठी घेतलेलं पेन अमांडुसने खाली ठेवलं.

"मी तीनदा नाही म्हटलं," तो दुभाषी आबेलोनेला म्हणाला.

"काका, तुम्ही तोंड कुठे उघडलंत? बोललेलं असेल तेवढंच मी सांगते."

"नाही म्हणायला तोंड कशाला लागतं? तुझी आई काय ओरडून नाही म्हणायची?"

आबेलोने ओशाळली. काल तिन्ही वेळा तिने ते नाक पाहिलं होतं. तिने उठून ब्रास्कना सगळं सांगून टाकलं. इथे नकार नाकाने देतात, होकार भुवयांनी. नकार दिलेला होता, तिनेच तो पोचवला नव्हता. ब्रास्क चिडले, दुपारचं हेलिकॉप्टर आहे म्हणाले. मग त्यांनी इतिवृत्त पुन्हा पुढ्यात ओढलं. शेवटी त्यांनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

वाद दुपार उलटेपर्यंत चालला. हेलिकॉप्टर निघून गेलं. खनिजं कुणाची, हे काही सुटलं नाही. पण दोन्ही बाजूंच्या होकाराशिवाय कुणी खणायचं नाही, इथवर गाडी आली.

"अर्धंच की हे," अमांडुस म्हणाला.

"काल तेवढंही नव्हतं, काका."

ब्रास्कनी नवं कलम वाचलं. या वेळी त्यांनी हरकत विचारली नाही. चष्मा काढून ते एकेक चेहरा बघत गेले आणि अमांडुसपाशी थांबले. म्हाताऱ्याने सावकाश भुवया उचलल्या.

"आणि तुमच्या सरकारचं काय?" त्याने विचारलं.

आबेलोनेने ते डॅनिशमध्ये सांगितलं. ब्रास्क बोलायला गेले आणि थांबले. मग त्यांनी दोन्ही भुवया पार कपाळावर चढवल्या, शिकाऊ माणसासारख्या, गरजेपेक्षा जास्तच.

आबेलोने भाषांतर करायला वळली, तोवर अमांडुसने पेन उचललं होतं.