मी नेलीची पेटारी

मी एक पेटारी बोलतेय. काचेच्या कपाटातून बोलतेय, म्हणून आवाज जरा दबलेला वाटेल. पण गोड बोलायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगते. माझ्या मनात राग आहे, साठ वर्षांचा.

ज्या केंद्रात मी ठेवलेली आहे ते अमेरिकेतल्या मूळनिवासी चेरोकी लोकांचं, डोंगराच्या कुशीत. लोक येतात, मातीची भांडी बघतात, मुखवट्यांसमोर थबकतात, माझ्यापाशी येऊन म्हणतात, "किती सुबक!" आणि पुढे जातात. मी कुणाची, हे फार थोडे विचारतात.

मी नेली रॅटलरची. नदीकाठचा बारीक बांबू तिनं स्वतः कापून आणला. एकेका कांडाचे चार भाग केले, त्यांच्या कामट्या सुरीनं तासल्या, सुरी जिथे चालेना तिथे दात लावले. काळा रंग अक्रोडाच्या मुळांचा, तांबूस रंग रानातल्या एका लाल मुळीचा. कामट्या दिवसदिवस उकळत असायच्या आणि घरभर कडवट वास असायचा.

माझी वीण दुहेरी. आतल्या बुडापासून सुरुवात करून भिंती वर चढवायच्या, काठावर कामट्या वळवायच्या आणि बाहेरून पुन्हा खाली आणून दुसरं बूड बंद करायचं. म्हणजे एका पेटारीत दुसरी, मध्ये कुठेही जोड नाही. दुहेरी विणणाऱ्या बायका दुसऱ्या खोऱ्यांतही होत्या. पण नेलीची सुरुवात तिच्या आजीकडून आलेली, निराळी होती, आणि ती दोन बुडांच्या मध्ये झाकलेली राहते. मला विणायला तिला चार महिने लागले. तिची लेक आयव्हा लग्नाची होती, तिच्यासाठी मी होते.

त्याच शरद ऋतूत प्राध्यापक हॉलिस पेनरॉड आला. तरुण, उंच, बोलायला लाघवी. नेलीच्या टेबलावर बसून त्यानं घेवड्याची भाकरी खाल्ली, दुसऱ्यांदा मागून घेतली.

"नेलीबाई, शहरात एक प्रदर्शन आहे. ही पेटारी दोन आठवडे द्या. लोकांना कळू दे, तुमच्या हातात काय आहे ते."

"लेकीची आहे ती," नेली म्हणाली.

"लग्नाआधी आणून देतो. माझ्या आईची शपथ."

जो माणूस आपल्या टेबलावर जेवला, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? नेलीनं मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

प्रदर्शन झालं. लग्नही झालं. मी मात्र पेनरॉडच्या अभ्यासिकेत, त्याच्या मेजाखाली होते. ठाऊक आहे त्यानं माझं काय केलं? कचऱ्याची टोपली. पेन्सिलीची टरफलं, तंबाखूची राख, चुरगळलेले कागद.

मग पत्रं आली. नेली सांगायची आणि आयव्हा लिहायची. पेनरॉड ती मोठ्यानं वाचायचा. "साहेब, पेटारीची वाट पाहतोय." एवढंच असायचं. वाचून तो ते फाडायचा आणि माझ्यात टाकायचा. ज्या बाईनं मला विणलं तिचेच शब्द, तुकडे होऊन माझ्या पोटात पडायचे. तिसऱ्या पत्राला त्यानं उत्तर धाडलं: पेटारी प्रवासात गहाळ झाली, वाईट वाटतं. हे लिहिताना त्याचा एक पाय माझ्या काठावर टेकलेला होता.

त्या दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं. पेटारी सूड घेऊन घेऊन किती घेणार? काठाजवळची माझी एक कामटी सुटली होती. एका सकाळी मी ती त्याच्या अंगठ्यात घुसवली, चांगली खोल. अंगठा पिकला, आठवडाभर त्याला लेखणी धरता येईना. मला आनंद झाला, खोटं का बोलू? या घराला आग लागावी, असंही मी मनात म्हटलं आहे. मी आधी जळाले असते, तरी चाललं असतं.

पण घर जळलं नाही. अंगठा बरा झाला आणि त्या अंगठ्यानं त्यानं पुस्तक लिहिलं. पहिल्या पानावर माझा फोटो. मजकूर असा, की ही या खोऱ्यातली शेवटची दुहेरी पेटारी, ती विणणारी म्हातारी आता हयात नाही, तिनं मरण्यापूर्वी ही कला लेखकाच्या हाती सोपवली. पुस्तकाचं कौतुक झालं. मला मेजाखालून काढून कपाटावर मानानं ठेवलं. राख तेवढी झटकली.

नेली तेव्हा धडधाकट होती. पुढे बावीस वर्षं जगली.

हे मला फार उशिरा कळलं. पेनरॉड म्हातारा झाला तेव्हा त्यानं मला या केंद्राला दिलं, वर नव्या छपरासाठी देणगी दिली. अट एकच, दालनाला त्याचं नाव हवं. खोक्यातून मला बाहेर काढलं ते डार्लीननं, साठीला टेकलेल्या, इथे पाहुण्यांना दालनं दाखवणाऱ्या बाईनं. तिनं मला खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं घरून एक जुना फोटो आणला: पायरीवर बसलेली नेली, मांडीवर मी. डार्लीन आयव्हाची मुलगी. माझी एकेक कामटी तिनं फोटोशी ताडून पाहिली.

"आजीनं पुन्हा कधी विणलं नाही," ती मला हळूच म्हणाली. "मी शिकव म्हटलं की हात ॲप्रनखाली लपवायची. म्हणायची, पुन्हा कुणीतरी घेऊन जाईल."

म्हणजे सूड नेलीनंही घेतला होता. पण तो लागला तिच्याच नातीला.

केंद्राचे प्रमुख कॅल्व्हिन ऊकुमा यांना डार्लीननं सगळं सांगितलं. ते बिचारे डोकं धरून बसले. "डार्लीन, छप्पर गळतंय ग आपलं. दालनाला त्यांचं नाव देण्याच्या दिवसापुरती जीभ आवर."

"आवरते," ती म्हणाली. पण तिचा चेहरा मी पाहिला होता.

पेनरॉड आला. नव्वदीचा, काठी टेकत, सोबत दोन मुलगे. दालन माणसांनी भरलेलं. पुढच्या रांगेत मिंडा आजी, नेलीची शेजारीण, ऐकायला कमी येतं पण बोलायला कमी नाही. पेनरॉड माझ्या कपाटाशी उभा राहून सांगू लागला, की त्या म्हातारीनं ही पेटारी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, आता आमच्यात कुणी राहिलं नाही, तुम्हीच सांभाळा.

"तिचं नाव काय होतं?" डार्लीननं विचारलं.

"अं?"

"त्या म्हातारीचं नाव, साहेब. तुम्ही तिच्या घरी जेवला होता."

तो घुटमळला. मुलांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. साठ वर्षं माझ्यासोबत राहिला तो माणूस, आणि त्याला नाव आठवेना. छपरातून बादलीत थेंब पडत होते.

डार्लीननं फोटो वर धरला. "नेली रॅटलर. माझी आजी. तुमच्या पुस्तकात मेली, त्यानंतर बावीस वर्षं ती याच रस्त्यावरून चर्चला जात होती. तिनं तुम्हाला तीन पत्रं लिहिली."

"मी पेटारी जपली," पेनरॉडचा आवाज चिरकला. "मी नसतो तर आज ही पेटारी..."

"काय म्हणतोय तो?" मिंडा आजीनं शेजारी बसलेल्या बाईला विचारलं. शेजारणीनं कानात सांगितलं. "अस्सं! घरातून भांडं पळवायचं आणि वर सांगायचं, मी घासून ठेवलं होतं!"

हशा पिकला. पण त्या हशात गंमत नव्हती. पेनरॉड कपाटाकडे वळला. "मला एकदा हातात घेऊ दे," तो म्हणाला.

डार्लीननं कुलूप काढलं. मी कामटी परजून तयार होते. तिनं मला उचललं, हातमोजे न घालता, आणि त्यानं पुढे केलेल्या हातांसमोरून नेऊन मिंडा आजीच्या मांडीवर ठेवलं. तिथून मी शेजारणीकडे गेले, तिथून मागच्या रांगेत. प्रत्येक बाईनं माझ्यावरून बोटं फिरवली, कुणी हुंगलं, एकीनं गालाला लावलं. तो तसाच उभा, हात पसरून. सगळ्यांचं झाल्यावर डार्लीननं मला कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

त्याचे डोळे भरले होते. दया आली का? नाही आली.

देणगी परत गेली. त्याच्या नावाची पाटी ऊकुमांनी स्वतः उतरवली, तोंडानं कुरकुरत. बादली अजून आहे, आता दोन झाल्यात.

दर बुधवारी दुपारी मला टेबलावर काढतात. डार्लीन, मिंडा आजी आणि आणखी चौघीजणी. भिंती जमतात, काठ जमतो, पण बूड धरत नाही. अकरा वेळा फसलं. सुरुवात माझ्या पोटात दडली आहे आणि ती बघायची तर बाहेरचं बूड उसवावं लागेल. त्या धजत नाहीत. "आजीचा हात आहे त्यात," डार्लीन म्हणते.

आज बुधवार; बोलता बोलता मला कपाटातून काढलंय, कोमट पाण्याचं घमेलं आणलंय. मला पालथं करून त्यात टेकवलंय, कामट्या मऊ पडाव्यात म्हणून. डार्लीनच्या हातात बारीक सुरी आहे, पण ती अजून टेकवत नाही.

अगं पोरी, घाबरू नकोस. मला सुंदर राहायचं नाही. त्या माणसानं छापून ठेवलंय, की मी शेवटची आहे. ते खोटं पडल्याशिवाय माझा राग जायचा नाही. पहिली कामटी मधली आहे, काळी. धर तिला, आणि ओढ.