काचेआडचं ऊन

"पान्चे, खिडकी कुणी उघडली?"

कुणी उघडली म्हणजे काय! घरात माणसं दोनच, माझी बायको रिस्तेना आणि मी. तिसरी पेर्सा, आणि तिला स्वतःचं अंग उचलवत नव्हतं, ती काय खिडकी उघडणार? मीच दोन बोटं फट ठेवली होती. एप्रिल उजाडला तरी आमची शेगडी धगधगत होती, आणि मला अगदी गुदमरायला झालं होतं.

"दोनच बोटं आहे गं."

"दोन बोटांतूनच शिरतो तो! आरपार वारा! मारायचंय का तिला?"

तिनं खिडकी धाडकन लावली, कडी घातली आणि वर फटीत जुना टॉवेल कोंबला. आमच्या नेगोटिनो गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वर्दार नदीवरून वारा सुटला की आया पोरांना मागं ओढतात आणि म्हातारे कानांवर टोपी ओढतात. कुणी मेलं की डॉक्टर काही का म्हणेना, त्याला आरपार वारा लागलेला असतो. माझे सासरे ब्याऐंशीव्या वर्षी गेले, तर सासूबाई शेवटपर्यंत विचारायच्या, त्या दिवशी मागचं दार कुणी उघडं टाकलं? अडतीस वर्षं मी बंद खिडक्यांत संसार केला. नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर होती, म्हणून विहिरीत उतरलो की तेवढा मोकळा श्वास मिळायचा.

पेर्सा म्हणजे आमचं कासवाचं पिल्लू. वय सात महिने, आकार अक्रोडाएवढा. नऊ दिवस तिनं तोंडात काही घेतलं नव्हतं. डोळे मिटलेले, मागचे पाय फरपटत. रिस्तेनानं तिला सोनाराकडून मागून आणलेल्या काट्यावर ठेवलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलं.

"चौदा ग्रॅम," ती म्हणाली. "परवा साडेचौदा होती."

रिस्तेना एकतीस वर्षं नर्स होती, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात. गेल्या ऑगस्टला निवृत्त झाली. घरी बसली आणि पहिल्या महिन्यात तिनं माझे मोजेसुद्धा इस्त्री केले. मग सप्टेंबरात डाळिंबाच्या झाडाखाली खणताना अंडी निघाली, पाच. आमच्या अंगणात एक म्हातारी कासवीण वीस वर्षांपासून स्वतःचंच घर असल्यासारखी फिरते, तिची. चार पिल्लं फुटून बाहेर आली आणि तडक द्राक्षमळ्याकडं चालू लागली. पाचवं अर्धं बाहेर, अर्धं आत, अडकलेलं. ते रिस्तेनानं चिमट्यानं सोडवलं. त्या क्षणापासून ती परत ड्यूटीवर रुजू झाली, आणि खरं सांगतो, मला आनंदच झाला.

मुलगी की मुलगा हे कासवात इतक्या लवकर कुणालाच कळत नाही, पण तिनं ठरवून टाकलं की मुलगी आहे. खोक्यात लोकर, खोकं शेगडीजवळ, दुपारी तेच खोकं दक्षिणेच्या खिडकीत, काचेतून येणाऱ्या उन्हात. दूधपाव. उकडलेल्या अंड्याचं पिवळं. डोळ्यांत तेल घालून जपली हो, मी साक्षीदार आहे.

त्या दिवशी दुपारी शेजारची त्रायांका आली, हातात ईस्टरच्या केकचा उरलेला तुकडा आणि तोंडात सल्ले.

"अजून तशीच? दृष्ट लागलीय तिला. सांगत होते, लाल दोरा बांध म्हणून."

"कुठं बांधू? पाय बघ तिचे."

"मग राकिया चोळ."

"ती मला चोळत नाही कधी," मी म्हटलं.

"तू रोज पेलाभर आतून चोळून घेतोस की, पान्चे," त्रायांका म्हणाली आणि खोक्यात वाकली. "रिस्ते, मला विचारशील तर हिला वाराच लागलाय. कुठून तरी येतोय हं अजून."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं. मग दुसरा टॉवेल आला, दाराखाली गेला. मीच तो नीट कोंबून दिला. अडतीस वर्षांत माणूस शहाणा होतो.

त्रायांका गेल्यावर रिस्तेना खोक्याशेजारी बसून राहिली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आठशे ग्रॅमची बाळं वाचलीत ह्या हातांत. हे एवढंसं गेलं तर मी काय समजायचं, पान्चे? की तेव्हा सगळं नशीबच होतं? मी नव्हतेच?"

पंपाचं असतं तर सांगितलं असतं. मी उठलो, टोपी घातली आणि म्हटलं, "चल, स्पासेकडं नेऊ."

"तो मेंढ्यांचा डॉक्टर आहे!"

"मग मेंढी समजून दाखव."

तिनं पेर्साला लोकरीत गुंडाळलं, लोकर शालीत, शाल कोटाच्या आत. मी बाजूनं चाललो, वारा माझ्या अंगावर यावा म्हणून. असं मिरवत आम्ही गाव ओलांडलं.

डॉक्टर स्पासे चाळिशीचा, दंडाएवढी मनगटं असलेला माणूस. त्यानं पेर्साला तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं पाठ हळूच दाबली. पाठ दबली. कासवाची पाठ, पण उशीसारखी दबली.

"मी कासवं पाहत नाही, सिस्टर," तो म्हणाला. "पण हाडं पाहतो. हिची हाडं मऊ पडलीत. ठेवता कुठं?"

"शेगडीपाशी. आणि दुपारी उन्हात. रोज तीन तास, एक दिवस चुकवला नाही."

"उन्हात म्हणजे बाहेर?"

"बाहेर कशाला? खिडकीत! बाहेर वारा असतो."

"काच लावून?"

"मग काय उघडी टाकून?"

स्पासेनं पेर्साला टेबलावर ठेवलं. तसा तो मेंढपाळांवर ओरडणारा माणूस, पण हे त्यानं हळू विचारलं. "सिस्टर, एखाद्या बाळाला मुडदूस होईल अशी भीती असली, तर तुम्ही आईला काय सांगायचा?"

रिस्तेनानं उत्तर दिलं ते पाठ असल्यासारखं, वॉर्डातल्या आवाजात. "सकाळच्या उन्हात न्या. थोडा वेळ, पण उघड्यावर. काचेआडचं ऊन नुसतं ऊब देतं, हाडांना लागतं ते काचेतून येतच..."

तिथं ती थांबली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि देवाचे आभार मानतो की गिळलं. कारण तिचा चेहरा पाहवत नव्हता.

"आणि आया काय करायच्या?" स्पासेनं विचारलं.

"मान डोलवायच्या," रिस्तेना म्हणाली. "आणि घरी जाऊन खिडक्या लावून घ्यायच्या. मी त्यांना अडाणी म्हणायचे, डॉक्टर. तोंडावर म्हणायचे."

त्यानं दूधपाव बंद केला, पिवळंही बंद. अंगणातला कडवट रानपाला द्या म्हणाला, कोमट पाण्यात रोज बसवा, आणि अंड्याची कवचं पिठासारखी कुटून पाल्यावर भुरभुरा. "जगेल का ते सांगत नाही. उशीर झालाय."

दुसऱ्या दिवशी नेमका वर्दारचा वारा सुटला. कपड्यांच्या दोरीवरचे माझे पायजमे आडवे उडत होते. मी म्हटलं, आज राहू दे, उद्यापासून. रिस्तेनानं डोक्याला रुमाल बांधला, पेर्साला घेतलं आणि अंगणाच्या मधोमध गवतात ठेवलं, शेजारी स्वतः स्टूल टाकून बसली. रुमालाची गाठ तिनं दोनदा सोडून परत आवळली. थंडीनं नव्हे, मी सांगतो, भीतीनं. जन्मभर जे विष म्हणून ऐकलं, ते ती आपल्या हातानं पाजत होती.

कुंपणावरून त्रायांकाचं डोकं वर आलं. "अगं ए! वेड लागलं का? मरेल ती!"

"आत मरतच होती," रिस्तेना म्हणाली. "वारा नव्हता लागला तिला, त्रायांका. ऊन लागलं नव्हतं. चूक माझी आहे. तुझ्याकडं अंड्यांची कवचं आहेत का?"

रिस्तेना चुकली, आणि ते रिस्तेनानंच सांगितलं, हे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं. पण कवचं होती! ईस्टर नुकता झालेला, घरोघर रंगवलेल्या अंड्यावर अंडं आपटून पोरांनी कवचांचे ढीग पाडलेले. संध्याकाळपर्यंत दारात सात पिशव्या. आम्हाला रंग नको होता, म्हणून मी बसून पांढरी वेगळी काढली, लाल वेगळी, आणि पांढरी खलबत्त्यात कुटली. निवृत्त पंप मेकॅनिक कासवासाठी पीठ कुटतोय हे बघायला लोक येऊन गेले. येऊ देत!

पहिले चार दिवस काही नाही. वजन साडेतेरा. पाचव्या दिवशी साडेतेरा. रिस्तेना जेवेना, मग मीही जेवलो नाही असं दाखवलं. सहाव्या दिवशी पेर्सानं एक डोळा उघडला, आमच्याकडं पाहिलं आणि परत मिटला. आठव्या दिवशी तिनं मान बाहेर काढून उन्हाकडं ताणली आणि तशीच ठेवली, पंधरा मिनिटं.

दहाव्या दिवशी मी दाराशी कॉफी घेऊन उभा होतो. रिस्तेना गवतावर पालथी, होय, चौसष्ट वर्षांची बाई कोपरांवर पालथी पडलेली, नाकासमोर पेर्सा. पेर्सा हलली. मागचे पाय फरपटत, पण हलली. तीन पावलांवर एक पिवळं रानफूल होतं. तिथवर पोचायला तिला इतका वेळ लागला की माझी कॉफी निवली. मग तिनं तोंड उघडलं, फुलाशेजारची हवा चावली. चुकलं. परत उघडलं. आणि घेतला! पाकळीचा तुकडा तोंडातून लोंबत होता आणि ती चावत होती!

"खाल्लं!" मी कप तिथंच टाकून ओरडलो. "त्रायांका! खाल्लं गं तिनं! रिस्ते, खाल्लं!"

रिस्तेनानं मागं वळून न बघता हात वर केला. वॉर्डात गोंगाट करणाऱ्या बापांसाठी असायचा तोच तो हात.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "जेवतेय ती."

जूनमध्ये पेर्सा एकवीस ग्रॅमची झाली. आम्ही तिला स्पासेकडं घेऊन गेलो, ह्या वेळी उघड्या टोपलीत. त्यानं अंगठा ठेवला, दाबला, आणखी दाबला. अंगठा दबला, पाठ नाही. पेर्सानं चारही पाय त्याच्या बोटांवर रोवून असा काही जोर लावला की त्या दंडाएवढ्या मनगटाच्या माणसाला तिला टेबलावर सोडावं लागलं.

"दगड झालाय!" तो हसत म्हणाला. "सिस्टर, खरं सांगू? मी आशा सोडली होती." त्यानं वही उघडली. "हे लिहून ठेवतो. परत कुणी कासव आणलं तर उपयोगी पडेल. सांगा, काय काय केलंत? कवचं रोज किती दिली?"

मला वाटलं, आता छाती पुढं काढून सांगेल. मी माझी काढलीच होती.

रिस्तेनानं खुर्ची पुढं ओढली आणि चष्मा घातला. "कवचांचं नंतर," ती म्हणाली. "आधी लिहा, सात महिने काचेआड ठेवलं. दूधपाव दिला. ठेवणारी प्रशिक्षित नर्स."

"सिस्टर, ते कशाला? जगली ना ती!"

"जगली की हे कुणी लिहीत नाही. म्हणूनच लिहा."

स्पासेनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. मग त्यानं मान खाली घातली आणि ती सांगेल तसं लिहू लागला, आणि पेर्सा टेबलावरून त्याच्या हाताच्या दिशेनं चालत निघाली.