नेव्हिलच्या बोटीचं बूच

जूनमधल्या त्या सकाळी, म्हणजे तिकडे दक्षिणेतल्या ऐन हिवाळ्यात, ग्लेनिस चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात आली, तेव्हा तिला नवऱ्याचे फक्त बूट दिसले. बाकीचा नेव्हिल बोटीखाली होता, चाकांच्या बेअरिंगना ग्रीस भरत. मोसम संपला की डनॅली गावातले सगळेच बोटीखालचे चाकांचे ट्रेलर उचलून टेकूंवर ठेवतात, म्हणजे टायरवर हिवाळाभर भार राहत नाही. नेव्हिलनेही मे महिन्यात ठेवला होता, पण चार पोकळ सिमेंटच्या ब्लॉकवर.

शेजारच्या आल्फने तेव्हाच कुंपणावरून तोंड घातलं होतं. "अरे बाबा, टेकूला लोखंडी घोड्या लाव. हे ब्लॉक भिंतीचे. फुटतात तेव्हा सांगून फुटत नाहीत."

"तुझ्या घोड्या तुलाच लखलाभ. माझ्या बापाने चाळीस वर्षं ब्लॉकच लावले."

"बाप खाली शिरायचा का कधी?"

नेव्हिल पाठ फिरवून चौथा ब्लॉक बसवायला लागला. आल्फशी बोलणं वाढवलं की ते फिरून बुचावर यायचं. तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या गर्दीत नेव्हिलने बोटीच्या तळातल्या भोकाचं बूच न लावताच ती पाण्यात सोडली, आणि अख्ख्या गावासमोर ती धक्क्यापाशी पाणी भरून तळाला बसली. पुढे महिनाभर माणूस पबकडे फिरकला नाही. जेवताना मान वर करायचा नाही. ते दिवस ग्लेनिसला परत नको होते, म्हणून ती तेव्हापासून गुपचूप बूच तपासायची. या मे महिन्यातही तिला ते शेडमधल्या फळीवर दिसलं. विसरला बिचारा, असं मनाशी म्हणत तिने ते जागेवर घट्ट पिळून बसवलं. नवऱ्याची लाज राखल्याचं समाधान तिला दिवसभर पुरलं.

आता तिची नजर ताडपत्रीवर गेली. दोन आठवड्यांच्या पावसाने ती मधोमध आत खचली होती. ग्लेनिसने सहज बोटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. पत्र्याची बोट, रिकामी असली की खणखणते. आज नुसता भद्द आवाज आला. तिने ताडपत्रीची कड वर केली. आत बाकापर्यंत पाणी होतं.

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून हिवाळ्यात बूच काढूनच ठेवायचं असतं. हे तिला माहीत नव्हतं थोडंच? त्या दिवशी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. ती वाकली. मागच्या ब्लॉकला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता आणि खाली गवतावर राखाडी भुगा पडला होता. भुगा कोरडा होता, म्हणजे आताचाच.

ओरडावं, तर नेव्हिल कानातलं ऐकायचं यंत्र घरात काढून ठेवून आलेला. समोर उभं राहून बोललं तरच त्याला कळायचं. पाय ओढावा, तर तो दचकून लाथ झाडणार, आणि ब्लॉक त्याच्या टाचेपासून वीतभरच लांब होता. बूच काढावं, तर जोर लावावा लागणार आणि बोट हलणार. तेही तिनेच घट्ट बसवलेलं.

समुद्रावर इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं त्याला कधीच ऐकू जात नसे. पंख्यात दोरी अडकायची वेळ आली की ती त्याच्या पायावर दोन थापा मारायची. थांब, काही हलवू नकोस, माझ्याकडे बघ. जमिनीवर हा माणूस मिठावरूनही वाद घालायचा, पण त्या दोन थापांवर त्याने तीस वर्षांत एकदाही घातला नव्हता.

ती गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या नडगीवर दोन थापा मारल्या.

त्याच्या हातातला पाना थांबला. तिने हात खाली घालून तळवा दाखवला, हळू, हळू. तो इंच इंच सरकत बाहेर येऊ लागला. मध्येच त्याचा शर्ट बोल्टला अडकला. त्याने बोटांनी चाचपून शर्ट सोडवला आणि तो बाहेर आला.

"काय गं? चहासाठी एवढं?"

तिने त्याला बाही धरून कुंपणापर्यंत खेचत नेलं आणि त्याच्या समोर उभी राहिली. "आत पाणी भरलंय. मागचा ब्लॉक तडकलाय."

"एकच बेअरिंग राहिलंय. पाच मिनिटांत—"

"जायचं नाही." तिने दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरला.

फार मोठा आवाज झाला नाही. सुकं लाकूड मोडावं तसं काहीतरी मोडलं आणि ट्रेलर खाली बसला. मघाशी जिथे नेव्हिलची छाती होती तिथे ट्रेलरची लोखंडी आस गवतात रुतली.

बोटीच्या फटीतून पाणी गळत होतं.

"बूच," नेव्हिल शेवटी म्हणाला. "काढायलाच विसरलो असणार. डोकंच चालत नाही गं माझं आता. आल्फला सांगू नकोस."

ती गप्प बसली असती तर आपणच विसरलो असं त्याने धरून ठेवलं असतं, जन्मभर. ग्लेनिस त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी.

"तू काढलं होतंस. मी परत लावलं."

"का?"

"तुला कुणी हसू नये म्हणून."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने त्या फुटक्या ब्लॉककडे बघितलं. "आणि हे मी लावले. आल्फचं ऐकायला नको म्हणून."

त्याने कुंपणाला हात टेकला आणि शेजारी हाक मारली.

"आल्फ, तुझ्या त्या घोड्या मोकळ्या आहेत का रे?"