धुकं सरल्यावर

नागपूरच्या वामनराव ढोबळे यांनी आपल्या अँबॅसडर टॅक्सीला पिवळे दिवे बसवून घेतले ते १९७४ च्या डिसेंबरात. त्याआधीच्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस होऊन चार-पाच दिवस दाट धुकं पडलं होतं, आणि काटोल रोडवर एक बैलगाडी त्यांच्या हातून थोडक्यात वाचली होती. मोठ्या दिव्यांचा पांढरा उजेड धुक्यावर आपटून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. बंपरखालचे पिवळे दिवे मात्र धुक्याच्या बुडातून रस्ता दाखवतात, असं सीताबर्डीचा रामाजी म्हणाला. रामाजी गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्यानेच दिवे बसवून दिले.

"धुकं असन तवाच लावजा," वायर आवळता आवळता तो म्हणाला. "तोंड खाली, रस्त्याकडे राहू द्या. अन धुकं सरलं का बंद करजा. नाही तं समोरच्याच्या डोळ्यात जाते, त्याले काहीच दिसत नाही."

"माहीत आहे गा मले," वामनराव म्हणाले.

पण आठवडाभरातच त्यांनी पाना घेऊन दिव्यांची तोंडं वर केली. उजेड लांबवर पडू लागला. शहरातल्या दुसऱ्या कुठल्या टॅक्सीला असे दिवे त्यांनी पाहिले नव्हते. धुकं असो-नसो, पहाटे निघालं की ते दिवे लावत. समोरून येणारे ट्रकवाले आपले दिवे उघडझाप करून इशारा देत. वामनरावांना वाटे, जळतात लेकाचे.

दर मंगळवारी रामदासपेठेतले डॉक्टर अनंतराव कळमेश्वरला रोगी तपासायला जात. ती फेरी वामनरावांची ठरलेली होती. सहाला निघायचं, सातच्या आत पोचायचं. डॉक्टर मागच्या सीटवर मफलर गुंडाळून झोप काढत.

जानेवारीतल्या एका मंगळवारी गोरेवाड्यापासूनच धुकं लागलं. वामनरावांनी मोठे दिवे बंद केले आणि नुसत्या पिवळ्या दिव्यांवर गाडी हळूहळू नेली. फेटरी गावाच्या अलीकडच्या नाल्यावर तर पुलाची कडाही दिसत नव्हती. तिथून ते नीट पार झाले. खरं तर दिव्यांनीच पार नेलं. नाल्यानंतर चढ लागतो. चढावर धुकं एकदम संपलं. अजून उजाडलं नव्हतं, पण हवा स्वच्छ होती. मोठे दिवे लावून पिवळे बंद करायचे ते इथेच. वामनरावांनी दिवे तसेच ठेवले, वेग तेवढा वाढवला.

वरून एक सायकल येत होती. हँडलला दोन्हीकडे दुधाचे कॅन. सायकलवाल्याने डोळ्यांवर हात आडवा धरलेला त्यांना स्पष्ट दिसला. सायकल आधी उजवीकडे, मग डावीकडे झोकांडली आणि दिसेनाशी झाली. मागून डब्यांचा खडखडाट ऐकू आला.

डॉक्टरांना जाग आली. "काय झालं हो?"

"गाय होती साहेब. बिचकली."

"लागलं नाही ना तिला?"

"नाही जी."

आणि वामनराव पुढे गेले. गाडीचा त्याला धक्का लागला नव्हता, हे त्यांनी स्वतःला कळमेश्वर येईपर्यंत कितीदा सांगितलं, कोण जाणे. पडला असेल, उठला असेल, शिव्या देत कॅन गोळा करत असेल. थांबलो तर डॉक्टरांना उशीर, वर बोलणी. मागच्या सीटवर एक डॉक्टर बसलेला आहे, हे त्या घडीला त्यांच्या मनातही आलं नाही.

अकराच्या सुमाराला परतताना चढाखाली माणसं उभी दिसली. फेटरीचा दादाजी दूधवाला सायकलसकट उतारावरून घसरत खाली नाल्यात पडला होता. मांडी मोडून हाड बाहेर आलं होतं. धुक्यामुळे कोणाला दिसला नाही. गार पाण्यात तो दीड तास पडून होता, मग कोणीतरी त्याचं कण्हणं ऐकलं आणि बैलगाडीत घालून नागपूरला नेलं.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "सकाळी आपण इथूनच गेलो की. दिसला असता तर बांधून तरी दिलं असतं."

 त्याच दुपारी वामनरावांनी पिवळे दिवे काढून खाटेखाली टाकले. पुढे कधीतरी ते भंगारात गेले. बायको इंदूबाईंनी विचारलं, "एवढ्या हौसेनं लावले होते, काढले काहून?" बॅटरी खातात, असं त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांनी कळलं, दादाजीचा पाय मांडीतून कापला.

काटोल रोड त्यांनी सोडला नाही; पोट त्याच रस्त्यावर होतं. डॉक्टरांची मंगळवारची फेरी मात्र त्यांनी सबब सांगून दुसऱ्या टॅक्सीवाल्याला दिली. फेटरीच्या थांब्यावर कधी कधी कुबडी घेतलेला दादाजी दिसे. गाडीत जागा असली तरी वामनराव तिथे थांबत नसत.

आठ वर्षं अशीच गेली. १९८३ च्या जानेवारीत एका सकाळी ते कळमेश्वरहून रिकामेच परत येत होते. धुकं होतं. फेटरीला गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगाने नेताना कोणीतरी हात दाखवला. थांबल्यावर दिसलं, दादाजी.

"नागपूरले जाऊन राहिले का भाऊ? मले दवाखान्यात जायचं आहे."

नाही म्हणायला तोंड उघडेना. वामनरावांनी पुढचं दार उघडलं आणि कुबडी आत घेतली. थोडं पुढे गेल्यावर रस्ता दिसेनासाच झाला. त्यांनी गाडी रस्त्याच्या खाली उतरवून उभी केली.

"बरं केलं," दादाजी म्हणाला. "लोक थांबत नाहीत. माहा पाय असाच गेला. पण मी होतो तिथं धुकं नव्हतं त्या वेळी. वर चढावर चांगलं साफ होतं. जमिनीपाशी दोन पिवळे दिवे आले, सरळ डोळ्यात. गाडी नाही, काही नाही, नुसते दिवे."

वामनराव स्टिअरिंग धरून बसले.

"गावात कोणी मानलं नाही," तो सांगत राहिला. "म्हणे मोटारीचे दिवे वर असतात, पांढरे असतात. मी आधी दारू घेत होतो, खोटं काहून सांगू? पण पोरगी झाली तवापासून शिवलो नव्हतो. बायकोनं, रंभानं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायले लावली होती. रंभाले वाटलं, मी शपथ मोडली. दारू पिऊन पडलो अन आता दिवे सांगून राहिलो. भांडली नाही ते. रोज जेवायले वाढे, सारं करे. पण पोरीले माह्यापाशी बसू नाही दिलं कधी."

"आता?" वामनरावांनी कसंबसं विचारलं.

"दिवाळीत गेली. शेवटी शेवटीही मी म्हटलं, घेतली नव्हती वं त्या दिवशी. तं म्हणे, जाऊ द्या आता, काय करायचं आहे."

धुक्यातून एक एस.टी. हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली. 

"ते दिवे माह्या गाडीचे होते," वामनराव म्हणाले. "बंद करायले पाहिजे होते, केले नाही. तुम्ही पडले ते समजलं मले. मागं डॉक्टर बसले होते. मी त्याहीले गाय सांगितली."

दादाजी वळून त्यांच्याकडे बघत राहिला. रागावेल, कुबडी उगारेल, असं वामनरावांना वाटलं. तसं झालं असतं तर बरंही वाटलं असतं.

"मागच्या वर्षी काहून नाही सांगितलं?" दादाजीने विचारलं. "पाय तं तवाच गेला होता. पण मागच्या वर्षी रंभा होती."

 आपण पाय घेतला, एवढंच ओझं वामनराव आठ वर्षं वाहत होते. आपल्या गप्प बसण्याने त्या घरात काय झालं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

"गाडी फिरवा," दादाजी म्हणाला. "दवाखाना राहू द्या. पोरगी माहेरी आली आहे, परवा सासरी जाणार आहे. तिले सांगा."

पोरीचं नाव चारुलता. अंगणात धान्य पाखडत होती. वामनरावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. दिव्यांचं, चढाचं, डॉक्टरांचं, गायीचं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं आणि बापाकडे पाहिलं.

"आई म्हणे, तुह्या बाबाच्या बोलण्यावर जाऊ नको," ती हळूच म्हणाली. "मीही नाही गेली."

"तुह्यी काय चूक," दादाजी म्हणाला.

ती उठून बापाजवळ ओट्यावर बसली.  एकमेकांजवळ बसायची सवय नसलेल्या माणसांसारखं दोघांमध्ये थोडं अंतर होतं. वामनरावांना आता जा असं कोणी म्हटलं नाही, बसा असंही म्हटलं नाही. काही वेळाने त्यांनी चप्पल घातली आणि अंगणाबाहेर आले. "येतो" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.